डोंगराकडची खिडकी

नोव्हेंबरात बातुमीला कुणी जात नाही,
म्हणून तर तिकीट परवडलं.
किनाऱ्यावरच्या खुर्च्या एकात एक रचून साखळीनं बांधलेल्या,
आणि पामची झाडं पावसात उभी,
लग्न उरकल्यावर मांडवातच राहून गेलेल्या पाहुण्यांसारखी.

नाझिब्रोलानं दारातच विचारलं,
एक बोट पश्चिमेला, एक पूर्वेला:
झ्ग्वा? की म्ता?
समुद्राची खोली पन्नास लारी,
डोंगराची पस्तीस.

म्ता, मी म्हणालो.
स्वस्त म्हणून, आणि शब्द जमला म्हणूनही.
माथा म्हणता म्हणता पहिला स्वर गिळला की झालं.
समुद्र काही जिभेवर येईना.
जोडाक्षरं गिरवत वाढलेला मी,
पण झ्, ग्, व् एकाच घासात?
ती हसली. आत सोन्याचा एक दात.

खिडकीत डोंगर नव्हता.
अर्धवट बांधलेल्या मनोऱ्याचे सतरा मजले होते,
क्रेन होती, निळं प्लास्टिक फडफडत होतं,
आणि उरलेल्या फटीत ढग.
टेबलाच्या खणात केसांच्या पिना सापडल्या, सात-आठ.
कुणी पाहुणी विसरली असेल, म्हटलं.

चार दिवस पाऊस.
मॅग्नोलियाची पानं चामड्यासारखी वाजत राहिली.
इथे वाळू नाही, गोटे आहेत,
लाट मागे जाते तेव्हा
सुपात कुणी शेंगदाणे पाखडतंय असं वाटतं.
छपराखाली म्हातारे डॉमिनो खेळत.
त्यातल्या तामाझनं विचारलं, कुठून?
इंदिया.
डॉक्टर?
नाही.
तो हिरमुसला,
तरी पँट वर करून गुडघा दाखवलाच.
मीही वाकून नीट पाहिला.
काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हटलं, थंडी.
ते त्याला पटलं.

पाचव्या दिवशी सकाळी
नाझिब्रोला दार न वाजवताच आत आली,
हात मक्याच्या पिठाचे,
भाकरी थापता थापता उठलेली.
म्ता! म्हणाली.
क्रेन आणि अकराव्या मजल्याच्या मधे बर्फ उभा होता.
इतका जवळ, की अंगणातल्या मंदारिनांवर
त्याची थंडी पडत असावी.

तिनं काचेवर बोट टेकवलं.
तिथे. दुसऱ्या घडीच्या खाली. अक्रोडाचं झाड.
मग तळहात तिरका धरला,
आणि तो घसरू दिला,
हळू, मग एकदम.
मग तीन बोटं दाखवली. त्यातलं एक मिटलं.
मी विचारलं नाही. विचारायला शब्दही नव्हते,
आणि असते तरी.

त्यानंतर सरकारनं हे घर दिलं, समुद्राशी, सपाटीवर.
सपाट, असं सांगायला
तिनं पायानं फरशी थोपटली,
गरीब गाईची पाठ थोपटावी तशी.
वाकून तिनं खण उघडला,
दोन पिना घेतल्या, केसांत खोचल्या.
तेव्हा कळलं, मी कुणाच्या खाटेवर झोपतोय,
आणि रात्री स्वयंपाकघरातून
कोण खोकतं.

दुपारपर्यंत ढग पुन्हा बसले.
काचेवर पिठाचं बोट तेवढं राहिलं.
पाऊस बाहेरून लागत होता,
त्याचा हात तिथवर पोचत नव्हता.

निघताना पाच दिवसांचे पैसे मोजून दिले.
तिनं थुंकी लावून पुन्हा मोजले
आणि चाळीस लारी परत केले.
नको, नको, मी म्हटलं.
तिनं चार बोटं दाखवली,
फटीकडे पाहिलं, मान हलवली:
चार दिवस म्ता नव्हता.
दिसला नाही त्याचे पैसे कसले?

झ्ग्वा, मी म्हणून पाहिलं, जाता जाता.
चुकलंच.
समुद्रवाल्यांना ती काही परत देत नसणार.
तो काय, रोजच दिसतो.